गुडघ्याची गोळी आणि जावयाचा दात

सुहासिनीबाईंनी जावयाचा दात पाडला ही गोष्ट खरी आहे, आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी. नाहीतर मध्येच कुठून तरी कळायची आणि तुम्ही म्हणायचात, बाई वरून गरीब दिसते पण आतून भलतीच. तसं काही नाही. बाई आतून-बाहेरून सारखीच. दात पडला तो लाडवाने, आणि लाडू केला होता मायेने.

पुण्याच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या सुहासिनीबाई २०२०च्या फेब्रुवारीत लेकीकडे आल्या, सिडनीजवळ वेंटवर्थव्हिलला. लेक चित्रलेखा बँकेत, जावई अजित एका इन्शुरन्स कंपनीच्या आयटीत, आणि नात मयूरा, नऊ वर्षांची. दोन महिने राहायचं, नातीचे लाड करायचे, ऑपेरा हाऊससमोर एक फोटो काढायचा आणि आपल्या घरी जायचं, एवढाच बेत होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली. मग पुण्यातल्या बातम्या ऐकून लेक सोडेना. व्हिसा वाढवला, परत वाढवला, आणि बाई त्या दोन बेडरूमच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, फ्रिज आणि सोफ्याइतक्याच कायमच्या होऊन बसल्या.

जूनमध्ये इकडे थंडी सुरू होते. बाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले. गुळाचा पाक गॅसवर आणि बाईंचे डोळे टीव्हीवर, कारण रोज सकाळी अकरा वाजता सरकारी पत्रकार परिषद लागायची आणि बाई ती मालिका बघावी तशी बघायच्या. कुठल्या भागात किती केसेस, कोण कुठल्या क्लबात जेवायला गेलं होतं, सगळं तोंडपाठ. त्या दिवशी कुणीतरी पॉझिटिव्ह माणूस फर्निचर बघत गावभर हिंडला होता. तो कुठकुठल्या दुकानात गेला ते ऐकता ऐकता पाक पुढे गेला. चांगलाच पुढे गेला. लाडू दिसायला सुरेख झाले. अजितने पहिला उचलला, "वा आई!" म्हणाला, चावला, आणि कट्‌ असा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला.

दाढ उभी चिरली होती. काढावी लागली.

अजित स्वभावाने चांगला, पण एक विनोद सापडला की सोडायचा नाही या जातीतला. प्रत्येक झूम कॉलला, प्रत्येक वाढदिवसाला, महाराष्ट्र मंडळाच्या ऑनलाइन गणपतीत आरतीच्या आधी, तो गाल ओढून खिंडार दाखवायचा आणि सांगायचा, "आईंचा लाडू! कोव्हिडने नाही, लाडवाने गेला!" सगळे हसायचे. बाईही हसायच्या. पण मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसायच्या. परक्या घरी म्हणावं तर लेकीचं घर, आपलं म्हणावं तर जावयाचं, आणि त्यात वर्षभर बसून खायचं, आणि वर त्याचाच दात पाडायचा. बाईंना ते फार लागलं होतं. एक दिवस त्यांनी लेकीला सांगूनच टाकलं, "त्यांचा दात जागेवर बसेपर्यंत मी पुण्याला तोंड दाखवणार नाही."

"आई, तो गंमत करतो गं."

"करू देत. दात बसू दे."

आता बाईंच्या डब्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

बाईंनी येताना पुण्याहून औषधं आणली होती. तशी सगळेच आणतात. सिडनीतल्या कुठल्याही मराठी घरात जा, कपाटात पुण्याच्या केमिस्टची पिशवी सापडेलच. इथल्या डॉक्टरवर कुणाचा विश्वास नसतो, कारण तो तपासतो, ऐकून घेतो आणि पाणी प्या म्हणतो. बाईंची पद्धत मात्र त्यांची स्वतःची होती. त्या पाकिटं कात्रीने कापून एकेक गोळी सुटी करायच्या आणि मिसळणाच्या डब्यात ठेवायच्या. मोहरीच्या वाटीत गुडघ्याची गोळी. हळदीच्या वाटीत पाठीची. मग डोक्याची, दाताची, कानाची, बायकांच्या पोटदुखीची, आणि मधल्या वाटीत तापाची. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खुर्चीवर बसून ज्याचं त्याला जोडून देण्यात गेली होती. नाशिक मागितलं तर नाशिक, मिरज मागितलं तर मिरज. शरीराचंही तसंच असणार, यात बाईंना कधी शंका आली नाही.

एकदा मयूराने विचारलं होतं, "बट आजी, हाऊ डझ द टॅब्लेट नो व्हेअर द नी इज?"

"त्यांना माहीत असतं," बाई म्हणाल्या. विषय संपला.

आणि अडून राहण्यातली बाई नव्हे ती. कुणी कण्हलं की त्यांना बघवायचंच नाही. त्यांचे यजमान प्रल्हादराव शेवटची काही वर्षं गुडघ्यांनी बेजार होते, रात्रंदिवस कण्हायचे, आणि बाईंच्या हातात एका गोळीखेरीज काही नव्हतं. तेव्हापासून सवयच लागली. समोरचा "आई गं" म्हणेपर्यंत यांचा डबा उघडलेला असायचा. वरच्या मजल्यावरचा पंजाबी ट्रकवाला जिन्यातूनच ओरडायचा, "आंटी, कमर की गोली है क्या?" आणि बाई हळदीची वाटी घेऊन धावायच्या.

तर, दात. अजितने वर्षभर टाळाटाळ केली आणि शेवटी २०२१च्या जूनच्या सुरुवातीला, दुसरा मोठा लॉकडाऊन लागायच्या जेमतेम आधी, इम्प्लांट बसवून घेतलं. डेंटिस्ट होती डॉक्टर यामिनी, मूळची नाशिकची, इकडे शिकायला आली, इथल्या परीक्षा देऊन देऊन डोळ्यांचा चष्मा जाड केला, आणि आता मेन स्ट्रीटवर तिचं छोटं क्लिनिक होतं. इम्प्लांट म्हणजे काय, तर जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा एक स्क्रू बसवायचा. तीन-चार महिन्यांत हाड वाढून त्या स्क्रूला चहूबाजूंनी घट्ट धरतं. मग वर दात. हाडाने धरलं नाही तर स्क्रू हलतो आणि काढून टाकावा लागतो. सगळा खेळ हाडाचा.

अजित घरी आला तो गालात बटाटा कोंबल्यासारखा. अर्धं तोंड बधिर. त्याने डॉक्टरच्या सूचना सांगितल्या त्या अशा:

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मऊ खायचं. दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि ती सूज उतरवणारी गोळी असते ना, आयबुप्रोफेन वगैरे, आपण दातदुखीला घेतो ती, ती अजिबात नाही घ्यायची. हाड भरायला अडचण होऊ शकते म्हणाली."

बाईंनी हे नीट ऐकून घेतलं. एकदा नाही, दोनदा वदवून घेतलं. मग डबा उघडला, दाताच्या वाटीतल्या सगळ्या गोळ्या एका पुडीत बांधल्या आणि वरच्या फळीवर मागे सारून ठेवल्या, चुकूनही हात जाऊ नये म्हणून. डॉक्टरचा शब्द म्हणजे शब्द. पोर वयाने लहान असली म्हणून काय झालं, डॉक्टर आहे.

"आणि पॅरासिटामॉल?" चित्रलेखाने विचारलं.

"ती तापाची आहे," बाई म्हणाल्या. "ताप आहे का त्यांना?"

"नाही, पण..."

"मग? असल्या दिवसांत तापाची गोळी उगाच खायची आणि उद्या खरंच कोव्हिडचा ताप आला तर कळायचासुद्धा नाही. शिवाय चार पाकिटंच उरलीत."

चित्रलेखाची मीटिंग सुरू होत होती. ती म्यूटवर होती, पण नवरा आणि आई दोघांनाही एकाच वेळी म्यूट करता येत नाही हे तिला दीड वर्षात कळलं होतं. तिने हात टेकले आणि लॅपटॉपकडे वळली.

पहिले दोन दिवस अजितने मोठा धीर दाखवला. कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्या, मेतकूट-भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी मात्र तो सोफ्यावर आडवा होऊन कानाला हात लावून पडला.

"आई, कानापर्यंत ठणकतंय हो."

बाईंचा हात डब्याकडे गेला. पण डॉक्टरने मनाई केली होती. त्या विचार करत उभ्या राहिल्या. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "कानात ठणकतंय ना? दातात नाही ना?"

"दातातूनच येतंय, पण ठणकतंय कानात."

"मग ते कानाचं दुखणं," बाई म्हणाल्या, आणि कानाच्या वाटीतली गोळी काढली.

अजितने घेतली. इंजिनियर माणूस, बारावीला केमिस्ट्रीत अठ्ठ्याऐंशी, ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधली चूक सातासमुद्रापलीकडून काढणारा. पण सासूने पाण्याचा पेला पुढे केला की त्याची अक्कल रजेवर जायची. तासाभरात ठणका थांबला. "आई, तुम्ही ग्रेट आहात!" तो म्हणाला. बाईंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. लाडवाची थोडी तरी भरपाई झाली.

चौथ्या दिवशी दुखणं कपाळात गेलं. डोक्याची गोळी दिली. नंतर मानेत उतरलं, तिला स्वतंत्र वाटी नव्हती, म्हणून मान ही पाठीचाच वरचा भाग असं ठरलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. पण जूनच्या शेवटी लॉकडाऊन लागला, आणि आमच्या वेस्टर्न सिडनीला तर जरा जास्तच कडक लागला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर, बाहेर पाऊल टाकलं की मास्क. घरात टेबल एकच, ते मयूराच्या शाळेला. चित्रलेखाने बेडरूम पकडली. अजितच्या वाट्याला आलं इस्त्रीचं टेबल. ते तो बाल्कनीच्या दाराशी लावायचा आणि मयूराच्या लहानपणच्या बुटक्या स्टुलावर बसून दिवसभर काम करायचा. आठवड्याभरात त्याची पाठ कामातून गेली.

पाठ म्हटल्यावर बाईंना कुणाला विचारायची गरजच नव्हती. सकाळच्या चहाबरोबर पाठीची, संध्याकाळी गुडघ्याची, कारण बुटक्या स्टुलामुळे गुडघेही धरले होते. जुलै गेला, ऑगस्ट गेला. "दातासाठी काही घेत नाहीयेस ना?" चित्रलेखा अधूनमधून विचारायची. "छे! एकही नाही," अजित म्हणायचा आणि ते त्याला मनापासून खरं वाटायचं. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने लिहिलंसुद्धा, इम्प्लांट केलं, पेनकिलरला हात लावला नाही, प्राणायाम केला. चौपन्न जणांनी अंगठे दाखवले. दोघांनी प्राणायामाचा व्हिडिओ मागितला.

सप्टेंबरमध्ये तपासणी होती. आत फक्त पेशंटला सोडायचे. सुहासिनीबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या, त्या मागच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिल्या. मांडीवर डबा होता. डबा का? तर तिकडे कुणाला काही लागलं तर असावा.

बराच वेळ झाला. मग अजित बाहेर आला, आणि त्याच्या मागून डॉक्टर यामिनी, मास्क, त्यावर पारदर्शक शील्ड, अंगात निळा गाऊन. अजितचा चेहरा मास्कमध्येही पडलेला दिसत होता.

"हलतोय, आई," तो म्हणाला. "स्क्रू हलतोय. हाडाने धरलाच नाही."

 बाई गाडीतून उतरल्या आणि गाडीला टेकूनच उभ्या राहिल्या.

"काकू, मी यांना विचारलं, दुसरी काही औषधं घेता का," यामिनी म्हणाली. "आधी नाही म्हणाले. मग म्हणाले पाठीसाठी घेतो. कुठली, तर म्हणे गुडघ्याची."

"संध्याकाळची गुडघ्याची," बाईंनी दुरुस्ती केली. "सकाळी पाठीची."

यामिनीने एक क्षण आकाशाकडे पाहिलं. हेलिकॉप्टर चाललं होतं. "मला दाखवता?"

बाईंनी डबा उघडला. आपली व्यवस्था कुणी डॉक्टर बघतोय याचा त्या स्थितीतही त्यांना जरा अभिमान वाटला. यामिनीने ग्लोव्ह घातलेल्या बोटांनी एकेक कापलेला तुकडा उचलला आणि पाकिटावरची अर्धवट अक्षरं वाचायला लागली. मोहरीची वाटी. हळदीची वाटी. कानाची, डोक्याची, पोटदुखीची. वाचता वाचता तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती हे शील्डमुळे कळत नव्हतं.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "ह्या सगळ्या एकाच घराण्यातल्या आहेत. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण काम एकच. सूज उतरवायची आणि त्यातून दुखणं थांबवायचं. मी ज्या घेऊ नका म्हटलं होतं त्याच."

"म्हणजे? सगळ्या सख्ख्या जावा?"

"सख्ख्या म्हणा, चुलत म्हणा. एकाच घरातल्या."

"पण ही तर गुडघ्याची!"

"तिला गुडघा माहीत नाही हो. ती रक्तातून सगळीकडे जाते. गुडघ्यात जाते, कानात जाते आणि जबड्यातही जाते."

 बाईंनी मग हळूच मधल्या वाटीकडे बोट केलं. "आणि ही?"

"हे पॅरासिटामॉल. ही एकच वेगळी. हीच द्या म्हटलं होतं मी."

"ती तर आम्ही जपून ठेवलीय," बाई म्हणाल्या.

अजितला राहवलं नाही. "पण सूज उतरली तर चांगलंच की! सूज कुणाला हवी असते?"

"हाडाला हवी असते," यामिनी म्हणाली. "घरात गवंडीकाम काढलं की धूळ, आवाज, रेतीचे ढीग, हे सगळं होतंच ना? सूज म्हणजे तसंच. आत माणसं कामाला आलीत. त्यांना पहिल्याच दिवसापासून हाकलून दिलं तर भिंत कोण बांधणार?"

"म्हणजे माझ्यामुळेच गेला," बाई म्हणाल्या.

"तसं मी छातीठोक नाही सांगणार. यावर अभ्यास झालेत, पण एकमत नाही. चार-दोन दिवस घेतल्याने फारसं बिघडत नसेलही. आठवडेच्या आठवडे, रोज दोनदा, हे मात्र मी टाळते. कधी कधी काहीही न घेता सुद्धा इम्प्लांट जातं."

"नक्की काय ते सांग गं. हो की नाही?"

"नक्की माहीत नाही, काकू."

बाईंना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. दोषी ठरवलं असतं तर निदान रडता तरी आलं असतं.  अजितने पोटही तपासून घ्यावं, इतक्या गोळ्या रिकाम्यापोटी घेतल्या असतील तर, असं यामिनीने बजावलं होतं, त्यामुळे परतीच्या वाटेवर अजित एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने पोट धरून चालवत होता. काहीच होत नव्हतं त्याला, पण आता होईल असं वाटत होतं. पोट ठीक निघालं. स्क्रू मात्र काढावा लागला. हाडाला काही महिने विश्रांती, मग परत पहिल्यापासून.

त्या रात्रीच्या जेवणानंतर चित्रलेखाने डबा समोर घेतला आणि एकेक नाव फोनवर शोधून गोळ्या वेगळ्या काढल्या. एवढी शिकलेली मुलगी, तिला स्वतःचाच राग येत होता. दीड वर्षं डबा समोर होता आणि तिने एकदाही आत काय आहे ते वाचलं नव्हतं. बाई शेजारी बसून बघत होत्या. मोहरीच्या वाटीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "ही तुझ्या बाबांची. त्यांना खरंच बरं वाटायचं गं हिने."

"वाटत असणारच, आई. गोळी खोटी नव्हती."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि उठून झोपायला गेल्या.

नोव्हेंबरमध्ये सीमा उघडल्या. विमानं सुरू झाली. पुण्याहून धाकट्या जावेचा, नीलाचा, रोज फोन, वहिनी कधी येताय, तुमच्या घराच्या कुलपाला गंज चढला. चित्रलेखाने डिसेंबरचं तिकीट काढलं. बाईंनी ते रद्द करायला लावलं.

"आई, पण दीड वर्ष तू जायचं जायचं म्हणून जीव टाकत होतीस!"

"दात बसल्याशिवाय मी विमानात बसत नाही."

दुसऱ्यांदा स्क्रू बसला तो २०२२च्या फेब्रुवारीत. यामिनीने या वेळी सूचना बाईंना समोर बसवून दिल्या, आता आत यायला परवानगी होती. पॅरासिटामॉल, ठरलेल्या अंतराने, ठरलेल्या मापाने, त्याहून जास्त नाही. वरून बर्फ. बाकी काहीही, कुठल्याही अवयवाचं, नाही. बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्रलेखा ऑफिसला, मयूरा शाळेत. घरात सासू आणि जावई दोघंच. पुढच्या गोळीला अजून वेळ होता आणि अजित सोफ्यावर कण्हत होता. या वेळी स्क्रू जरा मोठा बसवला होता, दुखणंही मोठं होतं.

"आई, एक द्या ना," तो म्हणाला. "एकच. पाठीची द्या. कुठलीही द्या. मी यामिनीला सांगणार नाही."

आता बघा. साऱ्या आयुष्यात या बाईने कण्हणाऱ्या माणसाला नाही म्हटलेलं नव्हतं. घरात गोळ्याही होत्या, चित्रलेखाने कुठे ठेवल्यात ते बाईंना पक्कं ठाऊक होतं, आईपासून लपवायला जागा असते का कधी? बाई उठल्या. स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. वरच्या कपाटाकडे हात नेला. मग तोच हात खाली आणून फ्रीझर उघडला, मटाराची पिशवी काढली, पंच्यात गुंडाळली आणि परत येऊन अजितच्या गालाला लावून बसल्या.

"नाही," बाई म्हणाल्या.

"आई, प्लीज!"

"नाही म्हणजे नाही." आणि मग त्यांचे डोळे भरले. एरवी त्या त्याला अजितराव म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या. आता तोंडातून भलतंच निघालं. "दुखू दे रे बाळा. मला बघवत नाहीये, पण दुखू दे. तुझ्या हाडाला काम करू दे."

अजित क्षणभर कण्हायचं विसरला.

गोळी द्यायची नाही तर मग करायचं काय? हात रिकामे, तोंड मोकळं. बाई बोलायला लागल्या. एक्स्चेंजच्या गोष्टी, ज्या त्यांनी लेकीलाही कधी सांगितल्या नव्हत्या, कारण ऐकलेलं कुठे बोलायचं नाही असा खात्याचा नियम होता. विलास नावाचा एक नवरा मुलगा कोल्हापूरला ट्रंक कॉल लावून मुलीला नकार देत होता. मुलगी सावळी आहे म्हणाला. बाईंनी लाइन तोडली. त्याने परत लावला. परत तोडली. पाचव्यांदा त्याने चिडून तक्रार केली तेव्हा बाईंनी त्याला थेट मुलीच्या काकांशी जोडून दिलं, काका पोलिसात. "आणि मग?" अजितने विचारलं. मग काय, लग्न झालं, आणि लग्नाचे पेढे एक्स्चेंजमध्ये आले, "त्या आवाजवाल्या बाईंना" म्हणून.

अजित हसायला लागला. गाल धरून हसायला लागला. "आई, हसवू नका हो, टाके तुटतील!" बाईंनी लगेच दुसरी सुरू केली. तास कसा गेला कळलं नाही. गोळीची वेळ उलटून गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मधल्या वाटीतली तापाची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

जूनमध्ये यामिनीने स्क्रूवर हत्याराची मूठ टकटक वाजवली आणि म्हणाली, "ऐका काकू, कसा घट्ट वाजतोय!" हाडाने धरला होता. पुढे त्यावर दात बसला, पांढराशुभ्र, शेजारच्या दातांना लाज वाटावी असा. गोळ्या टाळल्या म्हणून बसला की नशिबाने, ते यामिनीने याही वेळी नक्की सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

दात बसला त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाईंनी हात पुसत जाहीर केलं, "झालं. आता माझं तिकीट काढ, चित्रा." बोलताना त्या कुणाकडे बघत नव्हत्या. चित्रलेखाने लॅपटॉप उघडला. मयूरा म्हणाली, "बट व्हाय?"  बाई ओटा पुसायला लागल्या. ओटा स्वच्छच होता.

तेवढ्यात अजितने गालावर हात ठेवला. डाव्या गालावर. इम्प्लांट उजवीकडे होतं.

"आई गं," तो कण्हला.

बाई वळल्या. "काय झालं?"

"इकडे, मागे कुठेतरी. हलल्यासारखा वाटतोय एक दात."

चित्रलेखाने नवऱ्याकडे रोखून बघितलं. आज सकाळीच यामिनीने याचं सगळं तोंड तपासलं होतं. अजितने बायकोकडे बघितलंच नाही, तो सासूकडे बघत होता, लहान मुलाने शाळा बुडवण्यासाठी पोट धरावं तसा.

"आ कर," बाई म्हणाल्या. फोनची बॅटरी लावली आणि आत बघितलं. सगळे दात ठणठणीत होते. बाई तरीही बघत राहिल्या, बराच वेळ. 

"दिसतंय का काही?" उघड्या तोंडाने अजितने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "एक हलतोय खरा. बघावं लागेल काही महिने."

चित्रलेखाने लॅपटॉप बंद केला.